तीनच असल्यास

माझ्या धन्याचं नाव मी घेत न्हाई. उखान्यात घ्यायचं म्हनलं तरी पंचाईत. आमच्याकडल्या बाया नवऱ्याला धनी म्हनत्यात, मालक म्हनत्यात, अन् घरचा कारभार बगनारा म्हनून तिसरा एक शब्द हाय, त्यानं तर उठताबसता हाका मारत्यात. आमच्या सासूबाईंनी नेमकं तेच नाव पोराला ठेवलं! म्हंजी साऱ्या गावच्या बायांना ज्यो शब्द मोकळा, त्यो मला एकटीला बंद. म्हनून मी आपली "अवो" म्हनते, न्हाईतर "ह्ये" म्हनते. गाव त्यांना पाटकरी म्हनतं. तुमीबी तेच म्हना.

पाटकरी म्हंजी पाटाचं पानी सांभाळनारा मानूस. पुणतांब्याच्या खालच्या अंगाला मोठ्या पाटातनं एक चारी फुटती. चारीच्या तोंडाशी लोखंडाचं दार हाय. दाराच्या डोक्यावर चाक. चाक फिरवलं की दार वर, उलटं फिरवलं की खाली. पानी जास्ती सोडलं तर चारीची कड फुटून वरच्या सहादेवाच्या रानात तळं हुनार, कमी सोडलं तर चारीच्या शेपटाला राहीबाईच्या गव्हाला थेंब मिळनार न्हाई. हे दार आमचे ह्ये अठरा वर्सं सांभाळत हुते. पान्याकडं बगूनच सांगायचे, "आता शेपटाला पोचलं." मी एकदा मुद्दाम पळत जाऊन बगितलं हुतं, तर खरंच नुकतंच पोचलेलं! पान्यातलं त्यांना लई कळायचं.

पन वाचता येत न्हवतं. सही तेवढी यायची. तीबी अशी, की चित्र काढावं तशी काढायचे, जीभ बाहेर काढून. पगाराच्या कागदावर सही बगून हापिसानं त्यांना साक्षर म्हनून लिवून टाकलं, अन् ह्यांनी कदी न्हाई म्हनलं न्हाई. मला म्हनाले, "त्यांनी इचारलं न्हाई, मी सांगितलं न्हाई. खोटं कुठं बोललो?" आता ह्याला काय म्हनावं!

मला येत हुतं. लई न्हाई, पन येत हुतं. साळेच्या पडवीत गुरुजी सांजच्याला मोठ्या बायांचा वर्ग घ्यायचे. मी अन् शेजारची मुक्ताबाई जायचो. मुक्ताबाईनं बाराखडीतच हात टेकले. मी मातर जिद्दीनं जोडाक्षरापतुर गेले. काना कुठं, मात्रा कुठं, वेलांटी पहिली का दुसरी, ह्याच्यात गुरुजी लई कडक. "मात्रा चुकली की मानूस बदलतो," म्हनायचे.

तर हे एकाहत्तर सालातलं. गव्हाची पेर झालेली, सहादेवाच्या ट्रान्झिस्टरवर दिसभर लढाईच्या बातम्या. तवा आमच्या चारीवर नवे रावसाहेब आले. रावसाहेब म्हंजी ओव्हरसियर. वय पंचविशीचं, मिशी नुकती फुटलेली, इस्त्रीची पँट. पाटाच्या कडंनं चालताना चिखल बगून असं पाय उचलायचे, की कोंबडीच.

त्यांनी आल्या आल्या ह्यांना इचारलं, "दार किती उघडायचं हे कसं ठरवतोस?"

ह्ये म्हनाले, "पानी बगून."

"पाणी बघून म्हणजे?"

"बगून म्हंजी बगून, रावसाहेब."

ते काय रावसाहेबांना पटलं न्हाई. आठ दिवसांनी चारीत एक पट्टी रोवली. पांढरी, तिच्यावर काळे आकडे, एक ते पाच. अन् सोबत एक कागद दिला. म्हनाले, "आता अंदाजपंचे बंद. कागदात लिहिलंय तसंच करायचं. कागदाबाहेर एक बोट हलवलंस तर खोदाईच्या टोळीत पाठवीन."

ह्यांनी कागदाची घडी केली, टोपीत खोचली, अन् तडक घरी आले. मी चुलीपुढं हुते. माझ्या फुडं कागद टाकला अन् म्हनाले, "वाच."

मी पदराला हात पुसून वाचाय लागले. अक्षर रावसाहेबांचं, वळनदार, पन वर-खाली लई फाटे फुटलेले.

"एक. पट्टीवरील पाणी तीनपेक्षा कमी असल्यास दार एक फेरा उघडावे. दोन. पट्टीवरील पाणी तीनपेक्षा जास्त असल्यास दार एक फेरा मिटावे. तीन. पाळी संपल्यास दार पूर्ण मिटावे. चार. हा कागद वाचता येणारे माणूस दारावर असल्यास पाटकरी कायम ठेवावा. नसल्यास पाटकऱ्यास खोदाईच्या टोळीत पाठवावे."

चौथं वाचलं अन् मी कागद खाली ठेवला. खोदाईची टोळी म्हंजी आज हितं, उद्या पार तिकडं मुळाकाठी. पाल ठोकून राहायचं. ह्यांचा गुडघा तवाच दुखायचा, बसलं की उठताना कटकन वाजायचा. चिखलात उभं राहून फावडं मारनं त्यांच्यानं हुनार हुतं का? अन् गुडघ्याचं सोडा. अठरा वर्सं ज्या दारावर मान वर करून उभं राहिले, तिथनं गावादेखत खाली उतरायचं! मला रडू यायला लागलं. ह्ये मातर म्हनाले, "रडतीस काय? चारच तर वळी हायेत. पुन्ना वाच. मी पाठ करतो."

तीनदा वाचलं, अन् झालं पाठ. भजनी मंडळातला मानूस, सवयच हुती.

चार दिवसांनी आमची पाळी लागली, पाटाला पानी आलं. पट्टीवर दोनाचा आकडा ओला. ह्यांनी कागद आठवला, कमी असल्यास एक फेरा उघडावे. उघडला. पानी चढलं, पन तीनाच्या खालीच. आनखी एक फेरा. दुपारच्याला मी भाकरी घेऊन गेले, तर ह्ये दारावर उभे, दोनी हात चाकावर, अन् डोळे पट्टीवर.

"बसा की. भाकरी खावा."

"कसा बसू? पानी बरोबर तीनाच्या रेघंवर हाय."

"मग झालं की!"

"काय झालं? कमी असल्यास उघडावे. हे कमी न्हाई. जास्त असल्यास मिटावे. हे जास्तबी न्हाई. तीनच हाय. तीनच असल्यास काय करावे? वाच बरं कागदात."

मी कागद घेतला. वरनं खाली वाचला, खालनं वर वाचला. तीनच असल्यास काय करावं, ते कुठंच न्हवतं.

मी म्हनाले, "लिवलं न्हाई म्हंजी काय करायचं न्हाई."

"असं कागदात लिवलंय का?"

"न्हाई."

"मग मी चाकावरनं हात काढत न्हाई. रावसाहेब म्हनलेत कागदाबाहेर बोट हलवायचं न्हाई. हात काढला तर धा बोटं हलत्यात."

असा हट्टी मानूस! खरं सांगू का, हट्ट न्हवता त्यो. राग हुता. अठरा वर्सं नुसतं बगून केलेलं काम, अन् कालच्या पोरानं कागद हातात द्यावा, ह्याचा राग. तो त्यांनी कागदाचं मन राखूनच काढायचा ठरवला हुता. शेवटी मी उभ्या उभ्या त्यांच्या तोंडात घास घातले. तेवढ्यात वरनं सहादेव आला. म्हनला, "वयनी, लगीन पुन्ना लावलं का काय? हातानं भरवताय!" मला असं झालं, की पाटात उडी घ्यावी.

सांजच्याला मी ठरवलं, की कागदात जे भोक हाय ते बुजवायचं. दोनदा वाचलं अन् मला वाटलं, सोपं हाय! पेन्सिल काढून पहिल्या वळीत, "तीनपेक्षा कमी"च्या आधी बारीक अक्षरात लिवलं, "तीन किंवा". म्हंजी झालं, तीन किंवा तीनपेक्षा कमी असल्यास दार उघडावे. आता तीनाचीबी सोय झाली. ह्यांना वाचून दाखवलं. त्यांनी पाठ केलं. मी लई खूश, काय इचारता!

दुसऱ्या दिवशी सकाळी सकाळी पानी तीनावर. कागद म्हनतो, तीन असल्यास उघडावे. ह्यांनी फेरा उघडला. पानी तीनाच्या वर गेलं. कागद म्हनतो, जास्त असल्यास मिटावे. फेरा मिटला. पानी परत तीनावर. तीन असल्यास उघडावे. उघडला. मिटावे. मिटला. उघडला. मिटला. दुपारपतुर मानूस घामानं न्हाऊन निगाला. मी भाकरी घेऊन पोचले तर सहादेव बांधावर बसून हसत हुता.

"पाटकरी," म्हनला, "दळन सरलं का न्हाई? माझीबी पायली टाका की!"

तोवर शेपटाकडनं राहीबाई आली, लुगडं गुडघ्यापतुर खोचलेलं, हातात खुरपं. ती बाई आधीच तोंडाची फाटकी, त्यात गहू तहानलेला.

"काय गं केशर, तुझ्या नवऱ्याला झालंय काय? पानी येतंय का उचक्या देतंय? वाफ्यात शिरतंय तोवर मागं जातंय, मागं गेलं म्हनून मी बारं मोडून वाफ्याचं तोंड बुजवती तर फुडं येतंय! पाटाला भूतबाधा झाली का?"

"बाधा न्हाई, रावसाहेबांचा कागद झालाय," ह्ये चाक फिरवत म्हनाले.

"मग तो कागद घाला चुलीत!"

कागद रावसाहेबांचा, पन उचक्या माझ्या पेन्सिलीनं लागल्या हुत्या. मला इतकी लाज वाटली. ह्यांनी मातर राहीबाईला ते सांगितलं न्हाई. एका शब्दानं न्हाई. ते मला त्याच येळी लई आवडलं.

मग आमी दोघं दाराच्या कट्ट्यावर बसलो. ह्यांनी चाक सोडलं, काय हुईल ते हू दे म्हनाले. मी कागद मांडीवर पसरला.

"अवो, मला एक सांगा. कागद न्हवता तवा तुमी काय करत हुता? पानी बरोबर असलं की?"

"काय करनार? बिडी वडायचो."

"म्हंजी दाराला हात न्हाई लावायचा."

"बरोबर पान्याला कशाला हात लावायचा? बरोबर ते बरोबर."

आता आली का पंचाईत ध्यानात! रावसाहेबांनी कमीचं लिवलं, जास्तीचं लिवलं, अन् बरोबरचं लिवायचंच इसरले. अन् मी शहानी, मी बरोबरला नेऊन कमीत घातलं. म्हंजी बिचाऱ्या बरोबरला स्वतःचं घरच न्हाई! मी माझं "तीन किंवा" खोडरबरानं पुसलं, अन् तिथंच पाठ करून घेतलं, "तीनच असल्यास दाराला हात लावू नये." कागदावर लिवलं न्हाई. आता कागदावर लिवायचं मला भ्याच वाटत हुतं.

पन ह्ये डोकं हलवाय लागले. "एवढ्यानं भागनार न्हाई. पानी काय वाण्याच्या वजनासारखं गप बसतं व्हय? जरा वारा आला की हलतं. तीनाच्या रेघंवर एक डाव असतंय, एक डाव नसतंय. मी दिसभर रेघंकडं डोळे लावून बसू का?"

"मग काय म्हनायचं?"

त्यांनी आपलं बोट पट्टीला आडवं लावून दाखवलं. "बोटभर वर, बोटभर खाली, तरी तीनच. बोटभराच्या भाईर गेलं तरच कमी न्हाईतर जास्त."

बगा, हे मला आयुष्यात सुचलं नसतं. अक्षर मला कळत हुतं, पानी त्यांना कळत हुतं. दोघांचं मिळून एक वाक्य झालं, "पाणी तीनाच्या बोटभर वर-खाली असल्यास तीनच समजावे, अन् दाराला हात लावू नये." ह्यांनी ते चालीत बसवलं अन् पहिल्या वळीच्या आधी म्हनाय लागले, कारन आधी बरोबर हाय का ते बगायचं, मग कमी-जास्त.

त्या दिवसापासनं पानी असं चाललं, की सहादेवाला चेष्टेला काय उरलं न्हाई. राहीबाईचा गहू न्हाऊन निगाला. ह्ये दिवसातनं दोनदा चाक फिरवायचे, बाकी येळ बिडी. मला वाटलं, सुटलो बया.

पाळीच्या सातव्या दिवशी जीप आली. रावसाहेबांचे वरचे साहेब तपासनीला. टक्कल पडलेले, पोट सुटलेले, कपाळावर घाम. त्यांनी पट्टी बगितली, चारी बगितली, अन् म्हनाले, "वा! या चारीवर एक तक्रार नाही. रावसाहेब, काय केलंत?"

रावसाहेब फुगले. "कागद दिला, साहेब. लेखी नियम. पाटकरी वाचून काम करतो. कागदाबाहेर बोट हलवायचं नाही, असं बजावलंय."

"अस्सं? पाटकरी, वाचून दाखवा बरं."

मी भाकरीचं गठुळं घेऊन जांभळीखाली उभी हुते. ह्यांनी टोपीतनं कागद काढला. घडी उलगडली, सुलटा धरला, तेवढं मी शिकवलं हुतं. अन् घसा साफ करून म्हनाय लागले, "पाणी तीनाच्या बोटभर वर-खाली असल्यास तीनच समजावे, अन् दाराला हात लावू नये. तीनपेक्षा कमी असल्यास..."

आगं आई! ते वाक्य कागदात कुठं हुतं? ते आमचं हुतं!

रावसाहेबांच्या भिवया वर गेल्या. "थांब. हे मी लिहिलेलं नाही. कुठं आहे हे? बोट ठेव."

ह्यांनी बोट कागदावर ठेवलं. मग सरकवलं. मग आनखी सरकवलं. बोट असं फिरत हुतं, की अंधारात दाराची कडी चाचपावी. मला ते बगवंना.

मग ह्यांनी कागदाची घडी केली. साहेबांकडं सरळ बगून म्हनाले, "मला वाचता येत न्हाई, सायेब. कदीच येत न्हवतं. माझी बायको वाचती, मी पाठ करतो. अन् तुमच्या कागदात खोट हुती, ती तिनं काढली."

रावसाहेब लालेलाल. "ही फसवणूक आहे! साहेब, कलम चार. उद्यापासून हा खोदाईला."

साहेबांनी कागद मागून घेतला. वाचला. पुन्ना वाचला. मग म्हनाले, "रावसाहेब, पाणी बरोबर तीनवर असेल तर काय करायचं?"

"तेव्हा... म्हणजे काही करायचं नाही, साहेब. ते समजून घ्यायचं."

आता मला राहवलं न्हाई. गठुळं खाली ठेवलं, पदर खोचला अन् फुडं झाले. "रावसाहेब, समजून घ्यायचं हुतं तर कागद कशाला दिला? ह्यांना अठरा वर्सं समजतच हुतं की!"

साहेबांनी माझ्याकडं बगितलं. "तुम्हीच वाचता का? वाचा."

मी वाचलं. "पूर्ण"चा रफारसुद्दा चुकला न्हाई. साहेब म्हनाले, "छान. पण बाई, तुमचं वाचणं छान असलं तरी नियम नियमच. तुमच्या मालकांना वाचता येत नाही. कलम चारप्रमाणे मला त्यांना पाठवावंच लागेल."

ह्यांनी मान खाली घातली. अठरा वर्सांत मी ती मान खाली बगितली न्हवती. अन् मग मला असा राग आला, असा राग आला, की सगळं भ्याच पळालं.

"सायेब, कलम चार मी वाचू का?"

"वाचा."

"हा कागद वाचता येणारे माणूस दारावर असल्यास पाटकरी कायम ठेवावा." मी थांबले. "पाटकऱ्याला वाचता येत असल्यास, असं न्हाई लिवलं. मानूस लिवलंय. वाचनारं मानूस दारावर असलं की झालं."

रावसाहेब उसळले. "माणूस म्हणजे पाटकरीच! वाचता येणारा माणूस, असं मला म्हणायचं होतं."

"म्हनायचं कायबी असंल. लिवलंय काय?" मी कागद त्यांच्या डोळ्यांफुडं धरला. "येणारा न्हाई. काना न्हाई हितं. वर मात्रा हाय. येणारे. येणारे मानूस. त्याच्यात बाप्याबी येतो अन् बाईबी येती."

"बाई, तुम्ही बाईमाणूस..." रावसाहेब बोलून गेले.

"म्हना की पुन्ना! बाईमानूस. त्याच्यात शेवटाला काय हाय? मानूसच हाय का दुसरं काय?"

साहेबांनी खिशातनं रुमाल काढला अन् टक्कल पुसलं. मला वाटलं चिडले. पन त्यांचं पोट हलाय लागलं. हसत हुते. हसता हसता म्हनाले, "रावसाहेब, अक्षर तुमचंच आहे ना? मात्रा तुमचीच ना?"

"हो, पण साहेब..."

"कमी-जास्त लिहिलंत आणि बरोबर विसरलात. पाटकरी लिहायचं तिथं माणूस लिहिलंत. आता जे लिहिलंय तेच चालणार. कागदाबाहेर बोट हलवायचं नाही, असं तुम्हीच बजावलंत ना?" मग माझ्याकडं वळून म्हनाले, "पण बाई, मग तुम्हाला रोज दारावर यावं लागेल."

"येतेच की रोज. भाकरी काय कावळा आनतो व्हय?"

साहेबांनी जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून आमचं वाक्य स्वतःच्या हातानं वरती लिवलं. मधीच थांबून इचारलं, "बोटभर म्हणजे कुणाचं बोट?"

ह्ये म्हनाले, "माझं, सायेब. दुसरं कुटलं?" अन् बोट फुडं केलं. साहेबांनी खरंच पट्टीला लावून मापलं अन् लिवलं, "पाटकऱ्याचे एक बोट." खाली शेरा मारला, "वाचणारे माणूस दारावर आहे. पाटकरी कायम." मी तो शेरा दोनदा वाचला. एकदा त्यांना ऐकू जाईल असा, अन् एकदा माझा मला.

जीप गेली. धुरळा बसला. ह्यांनी चाकाला तेलाचा बोळा फिरवला, पट्टीकडं बगितलं, पानी तीनावर. भाकरी खाल्ली, पन मान वर न्हाई. मी मनात म्हनले, लागलं का काय ह्यांना? साहेबांफुडं, रावसाहेबांफुडं स्वतःच्या तोंडानं वाचता येत न्हाई म्हनावं लागलं. त्यात बायकोनं मधी तोंड घातलं. गावात आता ह्येच चघळतील. सहादेव तर सोडनारच न्हाई. मला आतनं लई वाईट वाटाय लागलं. नोकरी राहिली, पन मानसाचं मन मोडलं तर काय उपेग?

दिस कलला तशी आमी घरला निगालो. पाटाच्या कडंनं वाट हाय, एकाच मानसाची. ह्ये फुडं, मी मागं, डोक्यावर गठुळं. आमच्याकडं बाया मागंच चालत्यात. लगीन झाल्यापासनं मी त्यांच्या टाचाच बगत आले, कुठली भेग कुठं हाय ते मला डोळे झाकून सांगता येईल. बाभळीपाशी ह्ये एकदम थांबले.

मी म्हनले, "काय झालं? काटा रुतला का? गुडघा दुखतोय?"

"न्हाई."

"मग का थांबले?"

ते वाटंच्या कडंला झाले, निम्मा पाय पाटाच्या उतारावर, असे. अन् माझ्याकडं न बगताच म्हनाले, "तू व्हय फुडं."

"मी? कशाला?"

"व्हय म्हनतो ना. मी येतो मागनं."

फुडनं राहीबाई खुरपं घेऊन येत हुती, बांधावर सहादेवाचा ट्रान्झिस्टर वाजत हुता. समदी बगनार हुती. मला लई लाज वाटली, अन् रडूबी आलं, अन् आनंद म्हनाल तर असा झाला की सांगता येत न्हाई. एकदा मनात आलं, नको म्हनावं, लोक काय म्हनतील. पन म्हनले न्हाई. गठुळं नीट केलं अन् गेले फुडं.